सुइंदा धबधब्यावर मी रागावलो नाही

३ मार्च, सोमवार

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सार्जंट विल्फ्रिदो, तुमचं ब्लड प्रेशर रागामुळे वाढतंय. मी म्हणालो, मला राग येतच नाही. त्या म्हणाल्या, आधी ते टेबल खाली ठेवा. टेबल मी उचललं होतं हे खरं, पण त्याचा एक पाय हलत होता, तो बघायला.

मग म्हणाल्या, रोज वहीत लिहा, आज किती वेळा रागावलो. स्वतःसाठीच लिहा, कुणाला दाखवू नका. बरं. वही आणली. आता पुरावाच होईल.

आज रागावलो नाही. दुकानात एकाला ढकललं, पण तो दारातच उभा होता.

५ मार्च

झुनिल्दा नोकरी सोडून कायमची घरी आली. राजधानीत, असुन्सियोनला, हॉटेलच्या काउंटरवर होती. म्हणते, पप्पा, रोज लोकांना इग्वासूची बस दाखवून कंटाळले. आपली माणसं धबधबा बघायला शेजारच्या देशात जातात, आणि आपल्या घरामागे सुइंदा आहे, त्याचं कुणाला नावसुद्धा माहीत नाही. आता ती लोकांना इथे आणणार, वर नेणार, जेवू घालणार. गावातल्या चार पोरींना काम मिळेल. बिय्यारिकाच्या बस स्टँडवर पोस्टरही चिकटवून आलीय. पोरगी माझ्यावर गेलीय. धडाडी.

मी म्हणालो, गाइड मी. उभा जन्म पोलिसात गेला, माणसांचा घोळका कसा हाकायचा ते मला शिकवू नका. निमिया चुलीपाशी होती, तिचे खांदे हलले. बायको हसली हे मला दिसलं नाही असं मी दाखवलं. याला संयम म्हणतात.

अडचण एकच. वर जायची वाट कांतालिसियोच्या कुरणातून जाते. कांतालिसियो म्हणजे निमियाचा धाकटा भाऊ. मी त्याच्या बैलाला अटक केली तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

९ मार्च, रविवार

झुनिल्दासाठी मानापमान गिळला आणि कांतालिसियोकडे गेलो. तो आंब्याखाली तेरेरे पीत बसला होता. मला बघून उठला, थंडगार पेला पुढे केला. या दाजी, म्हणाला, यंदा कुणाला पकडायला आलात? आणि हसला. त्याचं हसणं म्हणजे पोट आधी हलतं, आवाज मागून येतो. बघवत नाही.

वाटेचं मात्र लगेच कबूल केलं. म्हणाला, झुनिल्दा माझीच पोर आहे, लोक खुशाल जाऊ देत, फक्त फाटक लावून घ्या. म्हाताऱ्या माणसांसाठी मी बैलगाडी जुंपीन. पण दाजी, वर गेल्यावर लोकांना बेड्या नका घालू. पुन्हा पोट.

निघताना मी त्याचा हात हातात घेतला आणि मनापासून दाबला. त्याचं एक बोट निखळलं. त्यांच्या घराण्यातच हाडं ठिसूळ आहेत. निमियाचं मनगटसुद्धा एकदा असंच, काही कारण नसताना.

राग : नाही.

१६ मार्च, रविवार

पहिला ग्रुप. असुन्सियोनच्या एका शाळेचे शिक्षक. मी त्यांना फाटकापाशी उंचीप्रमाणे उभं केलं, शिट्टी वाजवली, सूचना दिल्या. रांग सोडायची नाही, बोलायचं नाही, निसर्ग बघायचा. एक बाई म्हणाल्या, आपण सुटीवर आलोय ना? मी नाव विचारून ठेवलं.

वर पोचलो तर एका मास्तरानं पिशवीतून स्पीकर काढला आणि जोरात लावला. मी सांगितलं, बंद करा, इथे शांतता असते. तो म्हणाला, अहो काका, पाण्याचाच केवढा आवाज आहे. काका! मी स्पीकर घेतला आणि पाण्यात सोडला. मास्तर अंगावर आला. मी त्याची हनुवटी तळहातानं फक्त वर केली, आकाशाकडे, निसर्गाकडे. त्याचा पुढचा दात खडकावर पडला. छोटा आवाज झाला. मग दुसऱ्या मास्तरानं मला मागून मिठी मारली, ती मैत्रीची नव्हती. त्याला डोक्यावरून पुढे घेतलं. रक्त खूप दिसलं, कारण दगड ओले होते, पाण्यात रक्त पसरतं. प्रत्यक्षात थोडंच असतं.

झुनिल्दा उतरताना सगळ्यांची माफी मागत होती. तिच्या धंद्याला हे शोभत नाही, तिला सांगायला हवं. कडकपणा हवा.

१७ मार्च

निश्चय : यापुढे हात खिशात.

२३ मार्च, रविवार

पुढचा ग्रुप येण्याआधी वाट साफ करायची होती. मी आणि कांतालिसियो, दोघांच्या हातात कोयते. झुनिल्दानं मुद्दाम एकत्र पाठवलं. म्हणाली, पप्पा, मामाशी बोला, मोकळं वाटेल.

बोललो. मी म्हणालो, वाट सरळ काढू. तो म्हणाला, दाजी, वाट झऱ्याच्या बाजूनं वळू द्या, लोकांना सावली मिळेल. मी म्हणालो, सरळ. तो म्हणाला, बरं, सरळ. आणि वेलींना वळसा घालत पुढे गेला. हा त्याचा स्वभाव. हो म्हणायचं आणि वळायचं. मी सरळ तोडत निघालो. पुढे एका वळणावर माझी सरळ वाट आणि त्याचा कान एकाच जागी आले.

कानाची पाळी गेली. पाळी म्हणजे काय, लोंबतं मांस, तिचा उपयोग काय असतो? पण तो ओरडला असा की खालून कुत्री वर धावत आली. मग त्यानं कोयत्याची पाठ माझ्या गुडघ्यावर घातली. मी मुठीनं उत्तर दिलं. दोघं गडगडत झऱ्यात. बराच वेळ एकमेकांचं डोकं पाण्याखाली धरलं. शेवटी दोघं दमलो आणि काठावर पडलो. कान धरून तो म्हणाला, दाजी, वाट आता रुंद झाली बघा. आणि हसला! रक्तानं माखलेला माणूस, आणि हसतो!

डॉक्टरीणबाईंनी त्याचा कान शिवला. वही लिहिताय का, मला विचारलं. म्हणालो, रोज. काय लिहिलंय? म्हणालो, शून्य. त्यांनी माझ्या दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळला. प्रभावित झाल्या असाव्यात.

३० मार्च, रविवार

आजचा दोष माझ्यावर येणं अन्यायाचं आहे.

कांतालिसियोनं वाटेवर पाटी लावली. सुइंदा, बाण, आणि खाली घुबडाचं चित्र. आमच्याकडे घुबडालाच सुइंदा म्हणतात, तेव्हा चित्र घुबडाचं, हे समजू शकतो. पण या घुबडाला मिशी होती. माझ्यासारखी. शिवाय डोक्यावर पोलिसाची टोपी.

मी दंडुका काढला आणि पाटी खाली पाडली. चार-पाच तडाखे लागले. पाटी ज्या फांदीला होती तिच्यावर गांधीलमाश्यांचं पोळं आहे हे कुणीही मला सांगितलं नव्हतं. मागे एक नवं जोडपं फोटो काढत उभं होतं. नवऱ्याचे दोन्ही डोळे मिटले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. नवरी कुरणातून पळत गेली ती बैलांच्या गोठ्यात. माझा खालचा ओठ आता उशीसारखा झालाय. निमिया ओठाला कांदा लावत होती. म्हणाली, विल्फ्रिदो, तू घुबडाला मारलंस. मी म्हणालो, पाटीला. ती म्हणाली, बरं, पाटीला.

निश्चय : दंडुका घरी ठेवायचा.

२ एप्रिल

झुनिल्दानं बसवून घेतलं. हळू आवाजात बोलते आता माझ्याशी, आजारी माणसाशी बोलतात तसं. म्हणाली, पप्पा, गुड फ्रायडेला एर्मेलिंदाबाई, सगळे त्यांना मानानं दोन्या म्हणतात, येणार आहेत. त्या पेपरात देशातल्या अनोळखी जागांवर लिहितात. टेकड्या, तळी, दऱ्या. त्यांनी चांगलं लिहिलं की लोक बस भरून येतात. मी सगळं सोडून यासाठी आलेय. तुम्ही फक्त खाली फाटकापाशी थांबा. वर यायचं नाही. हे माझ्यासाठी कराल?

म्हणालो, करीन.

म्हणजे सुरक्षाप्रमुख. बढती झाली, पोरीनं ती साध्या शब्दांत सांगितली इतकंच.

१० एप्रिल

शांत दिवस. कुणाला हात लावला नाही. एका कोंबड्याला लावला, पण कोंबडा मोजायचा नसतो.

१७ एप्रिल, गुरुवार

पवित्र आठवडा. अंगणात भट्टी पेटली, निमियानं आणि झुनिल्दानं दिवसभर चिपाचे पाव भाजले. चीज, बडीशेप, कसाव्याचं पीठ. सगळ्या घराला वास. झुनिल्दा कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. मला गरम पाव आणून दिला. उद्या छान होईल ना पप्पा, म्हणाली. मी म्हणालो, गुड फ्रायडेला या देशात कुणी हात उचलत नाही. कोंबडीसुद्धा कापत नाहीत. पोरांना चोपायचं झालं तर आया शनिवारपर्यंत थांबतात. मग काय होणार?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. मला फार बरं वाटलं. हे लिहिण्यासारखं आहे म्हणून लिहिलं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

सकाळ. शर्टाला इस्त्री. मिशीला तेल. निघालो.

१९ एप्रिल, शनिवार

उजवा हात चालतो. बाकी फारसं काही चालत नाही. नाकातून श्वास घेता येत नाही. क्रमानं लिहितो, रिपोर्टसारखं.

दोन्या एर्मेलिंदा आल्या. वयस्कर, टोपी, गळ्यात दुर्बीण. बरोबर सात-आठ माणसं. मी फाटकापाशी होतो. सलाम केला. त्यांनी हसून विचारलं, आपण कोण? मी सांगणार, तेवढ्यात झुनिल्दा म्हणाली, हे माझे पप्पा, हे इथेच थांबणार आहेत. कांतालिसियोनं दोन्यांना हात देऊन बैलगाडीत बसवलं आणि गाडी चढाला लागली.

मी थांबलो. किती वेळ, माहीत नाही. मग वाटलं, एवढी मोठी पाहुणी वर आहे, काही झालं तर? सुरक्षाप्रमुख खाली काय करतो? म्हणून गेलो. फक्त सुरक्षेसाठी.

वर सगळे खडकावर गोल बसून चिपा खात होते. मधोमध कांतालिसियो. दोन्या त्याला विचारत होत्या आणि तो जे म्हणेल ते लिहून घेत होत्या. हा कान कसा गेला, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, बाई, वाट काढताना, वाटेत कान आला. म्हणजे माझं नाव घेतलं नाही. याचं मला काय वाटावं ते कळेना. मग कुणीतरी म्हणालं, तुमचा बैल फार गुणी आहे. झालं. तो म्हणाला, गुणी कसला, पोलिसांच्या दप्तरी गुन्हेगार आहे. आणि ती गोष्ट सुरू केली. मी बैलाला चौकीत कसं नेलं. बैलाचा जबाब कसा घ्यायला बसलो. बैलानं टेबलावर काय केलं.

सगळे हसले. दोन्यांनी डोळे पुसले. त्याला मी सवयीनं तयार होतो. पण झुनिल्दापण हसली. डोकं मागे टाकून, लहानपणी हसायची तशी. मी पोटरीएवढ्या पाण्यात उभा होतो, झाडाआड, आणि माझी मुलगी मला हसत होती.

बैलगाडीत पराणी होती. लांब काठी, टोकाला खिळा, बैल हाकायची. ती माझ्या हातात कशी आली ते रिपोर्टात लिहिता येणार नाही. मी कांतालिसियोच्या डोक्यावर मारली. त्याच्या डोक्यावरच मारली, हे इथे स्पष्ट नमूद करतो. झुनिल्दा मध्ये आली. हात वर करून. हाताचा आवाज झाला. सुकं लाकूड मोडतं तसा. ती मागे गेली, ओल्या खडकावरून घसरली, आणि खाली डोहात गेली.

मी उभाच. कांतालिसियोनं उडी मारली. एवढा जाडा माणूस. केसांना धरून तिला वर आणलं. तिचा हात भलत्याच ठिकाणी वाकला होता, कोपर नसलेल्या जागी. ती ओरडत नव्हती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मामाच्या शर्टात तोंड खुपसून थरथरत होती.

त्यानं तिला दोन्यांच्या मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे आला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता. गुड फ्रायडे आहे, मी म्हणालो. त्यानं मला मारलं. नाकावर, मग बरगड्यांवर, मग मी पडल्यावर पुन्हा उभं करून. एकेक ठोसा मापून, जणू बरेच दिवस जपून ठेवले होते. हा पोरीसाठी, म्हणाला. मग पुन्हा मारलं. हा माझ्या बहिणीसाठी. पुढचे कुणासाठी होते ते सांगितलं नाही. कुणी त्याला अडवलं नाही. दोन्या एर्मेलिंदांनीही नाही.

मी प्रतिकार केला नाही. मुद्दामच.

२१ एप्रिल

झुनिल्दाच्या हाताला प्लास्टर. मामाकडे राहते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड दोन जागी मोडलंय. मी सांगायला गेलो की त्यांच्या घराण्यातच हाडं

२४ एप्रिल

जस्टिस ऑफ द पीसनी, म्हणजे गावच्या न्यायाधीशांनी, बोलावलं. माझ्या हाताखाली काम केलेला शिपाई दारात उभा होता, त्यानं माझा दंडुका काढून घेतला. झुनिल्दानं तक्रार केली नाही. साहेब म्हणाले, तिनं केली नाही म्हणून तुम्ही घरी झोपताय. फाटकापलीकडे पाऊल टाकायचं नाही, मुलीच्या जवळ जायचं नाही. सही करा.

सही करताना पेन मोडलं. हल्लीची पेनं.

२७ एप्रिल, रविवार

फाटकाला लाथ मारली. फाटक मारखाऊ नव्हतं. अंगठा.

४ मे

दोन्या एर्मेलिंदांचा लेख आला. दुकानदारानं पेपर माझ्या हातात द्यायच्या आधी लांब धरून ठेवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. जागा अप्रतिम, अजून कुणाला माहीत नाही, लवकर जा. गाइड झुनिल्दा, तिच्यासारखी दुसरी नाही, एक हात प्लास्टरमध्ये, तरी दुसऱ्या हातानं तिनं आम्हाला पक्षी दाखवले. (म्हणजे त्या पुन्हा आल्या होत्या. मला कुणी सांगितलं नाही.) चिपा अवश्य खा. शेवटी, काळजी घ्या म्हणून चौकट : खडक निसरडे आहेत. वाटेत गांधीलमाश्या. फाटकाजवळ कधीकधी एक निवृत्त पोलीस उभा असतो, त्याच्याशी नजर मिळवू नका.

सुरक्षेचा उल्लेख केला हे बरं झालं.

निमियाला वाचून दाखवला. चौकट गाळली. ती म्हणाली, चौकट मी दुकानातच वाचली.

७ मे

गाड्या येताहेत. रस्त्यावर धूळ. शेजारच्या दोघी पोरी झुनिल्दाकडे कामाला लागल्या. माझ्यासमोरून जाताना त्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जातात. शिस्त आली पोरींना.

११ मे, रविवार

झुनिल्दाला लांबून पाहिलं. फाटक लावत होती, डाव्या हातानं. मी हात वर केला. नुसता, हाक मारायला. ती दचकून मागे सरली आणि डोक्यावर प्लास्टरचा हात धरला.

मी हात खाली घेतला. बराच वेळ खिशात ठेवला.

१५ मे, मातृदिन

सकाळी निमियानं निळा ड्रेस घातला. दारात बैलगाडी येऊन थांबली. कांतालिसियो खाली उतरला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मागे झुनिल्दा बसली होती, मांडीवर चिपाची टोपली. निमिया चढली. मी विचारलं, कुठे? ती म्हणाली, वर. भात कढईत आहे.

मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. माझ्या बाजूला, कागदावर आहे तसं. एक बस थांबली. माणसं उतरली, मुलं, छत्र्या, डबे. टोपीवाल्या एका बाईंनी विचारलं, काका, सुइंदाला कुठून जायचं? काका म्हणाल्या. मी फाटक दाखवलं. तुम्ही इथलेच का? म्हणालो, जन्मापासून. मग हौसेनं म्हणाल्या, कसा आहे हो धबधबा? एकच मोठी धार आहे की बऱ्याच?

मी तोंड उघडलं. मास्तराचा दात पडला तो खडक आठवला. स्पीकर बुडाला ती जागा आठवली. पराणी कुठल्या चाकाला टेकून ठेवली होती ते आठवलं. झुनिल्दा घसरली तिथलं शेवाळ, त्याचा रंगसुद्धा. पाणी काही डोळ्यांसमोर येईना. बाई थांबल्या होत्या. म्हणालो, मोठा आहे. त्या म्हणाल्या, हो, पण दिसतो कसा? म्हणालो, गेलात की दिसेल. त्या हसल्या आणि मुलांना घेऊन फाटकातून गेल्या. फाटक लावून घेतलं.

उन्हं उतरल्यावर निमिया परत आली. चपला हातात, केस ओले, ड्रेस गुडघ्यापर्यंत भिजलेला. लग्नानंतर पहिल्यांदाच वर गेली होती, म्हणाली. कुणाला सांगितल्यासारखं नाही, आपल्याआपणच. गालावर ओल होती. मी खुर्ची दिली. मग विचारलं, निमिया, तिथे एकच धार पडते की जास्त?

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, विल्फ्रिदो, तू इतक्या वेळा वर गेलास.

आणि केस पुसत आत गेली. भात गार झाला होता. तसाच खाल्ला.